ब्रह्मदेश आघाडीवरचे 'कॉन डेपो' (१९४२–४५): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चुलत आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक घडी पडून फाटायला आलेला कागद सापडला आणि त्यावर मी एक टिपण लिहिलं. तेव्हापासून सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगाव अशा सगळीकडून लोक आपापल्या आजोबा-पणजोबांच्या कागदांचे फोटो पाठवतात. शिक्के वेगळे, गावं वेगळी, प्रश्न मात्र फिरून फिरून तेच. ते इथे एकत्र केले आहेत. बोलणं दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेश आघाडीबद्दल आहे. जिथे त्याबाहेर गेलोय तिथे तसं सांगितलंय.

१. कागदावर 'कॉन. डेपो' असा शिक्का आहे. हे इस्पितळ होतं की छावणी?

छावणीच्या जास्त जवळ. पूर्ण नाव कॉन्व्हॅलेसंट डेपो. ताप उतरलाय, जखम भरलीय, आता खाट आणि परिचारिका लागत नाही. पण पाठीवर सामान आणि खांद्यावर रायफल घेऊन डोंगर चढायची ताकद अजून नाही, अशा शिपायाला इथे ठेवत. मोठ्या इस्पितळाला त्याची खाट पुढच्या रुग्णासाठी हवी असायची आणि पलटणीला अर्धवट बरा माणूस नको असायचा. या दोन्हींच्या मधली जागा म्हणजे डेपो. माझ्या मते त्याचा जन्म आधी खाटांच्या हिशेबातून झाला, माणसाची काळजी नंतर आली. तिथे डॉक्टर असत, पण कवायतीचे उस्तादही तितकेच महत्त्वाचे. शिस्त पलटणीचीच, हजेरीसकट.

२. म्हणजे महाबळेश्वर-पुरंदरला गोऱ्यांची सॅनेटोरियमं होती, तसंच का?

घराणं तेच, पिढी वेगळी. उष्ण प्रदेशातला ताप थंड हवेत उतरतो, या समजुतीवर इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात डोंगरावर विश्रांतीची ठाणी वसवली. मसुरीजवळच्या लँडोरला १८२७ मध्ये असा डेपो निघाला. निलगिरीत वेलिंग्टन, आपल्याकडे महाबळेश्वर आणि पुरंदर हीसुद्धा त्याच माळेतली. ती मुख्यतः गोऱ्या सैनिकांसाठी होती, आणि तिथे महिनोन्‌महिने राहणं हाच उपचार होता.

१८९७ मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला आणि 'खराब हवे'चं प्रकरण निकालात निघालं. तरी थंड हवेवरची श्रद्धा गेली नाही. बदल झाला तो १९४३ नंतर, आणि तो उलट्या दिशेने: आजाऱ्याला डोंगरावर दूर न्यायचं नाही, आघाडीच्या जितकं जवळ ठेवता येईल तितकं ठेवायचं. हे सविस्तर प्र. ५ मध्ये.

३. आजोबा डेपोत होते म्हणजे गोळी लागली असणार ना?

बहुधा नाही. आणि हे ऐकून घरच्यांचा चेहरा पडतो, हे मी अनेकदा पाहिलंय. पण आकडा पाहा. ब्रह्मदेश आघाडीवर लढणाऱ्या चौदाव्या सैन्याचा सेनापती जनरल विल्यम स्लिम याने लिहून ठेवलंय की १९४३ मध्ये जखमी म्हणून मागे पाठवलेल्या दर एका माणसामागे १२० माणसं आजारी म्हणून मागे जात होती. एकट्या मलेरियाचं वर्षाचं प्रमाण सैन्याच्या एकूण संख्येच्या ८४ टक्के होतं, आणि पुढच्या फळीत त्याहूनही जास्त. (म्हणजे शंभरातले चौऱ्याऐंशी जण आजारी पडले असं नव्हे. एकच माणूस वर्षात दोन-तीनदा पडला की तो दोन-तीनदा मोजला जायचा. का पडायचा, ते प्र. ९ मध्ये.)

तेव्हा कागदावर जखमेचा उल्लेख नसेल तर थंडीताप, हगवण किंवा टायफस धरून चाला. ब्रह्मदेशात जपान्यांइतकाच शत्रू डास होता, आणि तो १९४२ पासून जिंकत होता.

४. आजारी माणूस डेपोपर्यंत पोहोचायचा कसा?

पलटणीचा स्वतःचा मदत-तळ, तिथून फील्ड ॲम्ब्युलन्सची ड्रेसिंग स्टेशनं, मग कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन (कागदावर 'सीसीएस'), मग इंडियन जनरल हॉस्पिटल ('आयजीएच', आधी क्रमांक), आणि शेवटी डेपो. ही पुस्तकातली साखळी. प्रत्यक्षात मधल्या वाटेवर चिखल, खेचर, झोळी, बोट, मीटर गेज रेल्वे आणि पुन्हा चिखल. इम्फाळकडून येणारा माणूस दिमापूरला उतरायचा, तेच स्टेशन कागदांवर 'मणिपूर रोड' म्हणून येतं. नकाशावर हे नाव सापडत नाही म्हणून बरेच जण अडतात.

१९४४ च्या इम्फाळच्या वेढ्यात रस्ता तुटला तेव्हा विमानं धान्य-दारूगोळा घेऊन येत आणि परतताना रुग्ण घेऊन जात. सुमारे १३,००० आजारी-जखमी असे उडवून बाहेर काढले. ज्या शिपायाने गावाबाहेर मोटारही पाहिली नव्हती, त्याचा पहिला विमानप्रवास डाकोटाच्या जमिनीवर आडवं पडून झाला.

५. मलेरिया झाला की पाच महिने जात, हे खरं का? मग बदललं काय?

खरं आहे, सुरुवातीच्या काळापुरतं. ताप ऐन भरात असताना माणसाला रस्ता, रेल्वे, बोट असं करत शेकडो मैल मागे हिंदुस्थानातल्या इस्पितळात नेत. तो बरा होऊन परत पलटणीत उगवेपर्यंत सरासरी पाच महिने. काही तर उगवतच नसत. मलेरिया म्हणजे आघाडीवरून सुटायचा रस्ता, हे शिपायांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

मग मलेरिया फॉरवर्ड ट्रीटमेंट युनिटं निघाली, कागदावर 'एमएफटीयू'. लढाईच्या रेषेमागे काही मैलांवर तंबूत, नाहीतर बांबू-गवताच्या बाशांत (झोपड्यांत) उभारलेली ही इस्पितळं. थंडी वाजायला लागल्यापासून चोवीस तासांत माणूस तिथे पोहोचायचा, तीनेक आठवडे राहायचा आणि परत पलटणीत. प्रवासाचे हाल वाचले, पाच महिन्यांचे काही आठवडे झाले, आणि सुटायची वाटही बंद झाली. हे तिन्ही फायदे वरिष्ठ मोजून होते. तिसरा शिपायांना किती आवडला असेल, ते सांगायला नको.

१९४५ पर्यंत आजाराचं प्रमाण दिवसाला हजारी एक इतकं खाली आलं. रंगून परत घेणारं सैन्य ते हेच. या लढाईच्या कथांमध्ये रणगाडे आणि संगिनी येतात, बाशा येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

६. एमएफटीयू आणि कॉन डेपो दोन्ही शिक्के आहेत. दोन्ही कशाला?

एमएफटीयूत ताप मोडायचा, डेपोत अंग भरायचं. साध्या मलेरियाला पहिला शिक्का पुरायचा. ज्याला मलेरियाबरोबर हगवण होती, ज्याच्या अंगातलं रक्त पार कमी झालं होतं, किंवा ज्याला सीसीएसवरून मोठ्या इस्पितळात हलवावं लागलं, त्याच्या कागदावर डेपो येतो. म्हणजे दोन शिक्के असतील तर आजार वरवरचा नव्हता.

७. डेपोत दिवसभर करत काय?

हजेरी, औषध, पीटी, मैदानी खेळ, छावणीतली हलकी कामं, आणि दर आठवड्याला लांबत जाणारी चाल. माणसांचे ताकदीप्रमाणे गट पाडत आणि झेपेल तसं वरच्या गटात चढवत. चुलत आजोबा सांगत, की पहिल्या दिवशी झेंड्याच्या काठीपासून विहिरीपर्यंत चालले आणि विहिरीच्या काठावर बसून रडले, कारण परत जाता येईना. नंतर रिकामी पिशवी पाठीला, मग अर्धी भरलेली, मग पूर्ण. ज्या दिवशी पूर्ण भरलेली पिशवी घेऊन न बसता परत आले, त्या दिवशी आनंद झाला का, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "कसला आनंद? तब्येत सुधारली म्हंजे पुन्हा जा की तिकडं."

संध्याकाळी बाह्या खाली, पाय झाकलेले, अंगाला डास पळवायचं तेल, रात्री मच्छरदाणी. हे नियम डेपोतही सुटत नसत.

८. पिवळ्या गोळ्यांची गोष्ट सगळे सांगतात. त्या कसल्या होत्या?

मेपाक्रिन, मलेरियावरची गोळी. जगातल्या कोयनेलचा (क्विनाइन, मलेरियावरचं जुनं औषध) बहुतेक सगळा साठा, जवळजवळ नव्वद टक्के, जावामधल्या सिंकोनाच्या बागांतून यायचा, आणि मार्च १९४२ मध्ये जावा जपानच्या हातात गेलं. मग पर्याय म्हणून ही कृत्रिम गोळी पुढे आली. चवीला कडू जहर. रोज घेतली की कातडी पिवळी पडायची, काविळीसारखी. तिने पुरुषत्व जातं, अशी अफवा सगळ्या पलटणींत होती, गोऱ्या आणि काळ्या दोन्ही. ती खोटी होती, पण नवं लग्न झालेल्या शिपायाला कोण समजावणार?

त्यामुळे गोळी वाटायची नाही, गिळवायची, असा रिवाज पडला. रांग, गोळी जिभेवर, वरून पाणी, आणि मग हवालदार मोठ्याने स्वतःचं नाव आणि गाव सांगायला लावायचा, गालात दडवली असेल तर बोलताना कळावी म्हणून. हे आमच्या ट्रंकवाल्या आजोबांकडून. वरच्या पातळीवर स्लिमने अचानक तपासण्या सुरू केल्या. प्रत्येक माणसाची तपासणी व्हायची, आणि पंच्याण्णव टक्क्यांहून कमी जणांच्या अंगात औषध सापडलं, तर कमांडिंग ऑफिसरची उचलबांगडी. अशा तिघांना घालवावं लागलं, तेवढ्यावर बाकीचे समजले.

रोज एक गोळी पुरेशी आहे हे ठामपणे दाखवलं ऑस्ट्रेलियात केर्न्सला, नील हॅमिल्टन फेअरली याने, स्वतःहून पुढे आलेल्या सैनिकांना मलेरियाचे डास चावायला लावून. हा फेअरली १९२२ पासून काही वर्षं मुंबईत काम करत होता आणि तिथेच त्याला स्प्रू हा पोटाचा चिवट आजार जडला होता. उष्ण प्रदेशातल्या आजारांचं शिक्षण त्याला आपल्याकडे असं अंगावर मिळालं.

९. आजोबा चार वेळा डेपोत गेले. कामचुकार होते का?

हा प्रश्न लोक फोनवर आवाज खाली करून विचारतात. काही घरांत तर "लढाईत आजारी पडून राहिले" हा टोमणा तीन पिढ्या चालत आलाय.

उत्तर परजीवीकडे आहे. मलेरियाच्या व्हायवॅक्स या जातीचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात. मेपाक्रिन आणि कोयनेल रक्तातल्या परजीवींना मारतं, यकृतातल्यांना हात लावत नाही. गोळी बंद झाली किंवा खंड पडला, की आठवड्यांनी-महिन्यांनी तोच ताप पुन्हा, नवा डास न चावताही. परजीवी यकृतात राहतात हेच मुळी शॉर्ट आणि गार्नहम यांनी दाखवलं १९४८ मध्ये, म्हणजे युद्ध संपून गेल्यावर. त्यावरचं औषध, प्रायमाक्विन, त्यानंतरचं. १९४४ च्या डॉक्टरला हे माहीतच नव्हतं, तर हवालदाराला काय असणार. चार फेऱ्या म्हणजे बहुतेक एकच मलेरिया चार वेळा. गावी आल्यावरही दोन-तीन पावसाळे "लढाईचा ताप" यायचा असं घरी सांगत असतील तर तेही याचंच.

गोळी मुद्दाम चुकवणारे नव्हतेच, असं नाही. पण नुसत्या शिक्क्यांच्या संख्येवरून तो आरोप करता येत नाही.

१०. मलेरियाखेरीज कोणत्या आजाराचे लोक तिथे असत?

हगवण सर्वांत जास्त. तिच्यावर सल्फाग्वानिडिन हे औषध आलं होतं आणि ते चांगलं चालायचं. दुसरा स्क्रब टायफस, झुडपांतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याच्या चाव्याने होणारा. त्यावर तेव्हा औषधच नव्हतं. चांगली शुश्रूषा झाली तर माणूस वाचायचा, आणि वाचलेला महिनोन्‌महिने अशक्त राहायचा. (विदर्भात २०१८ मध्ये याच आजाराची साथ आली होती.) शिवाय स्प्रू, पायाला चिघळलेल्या जखमा, जळवांच्या चाव्यांचे व्रण, आणि नुसती उपासमार. १९४३ मध्ये ब्रिटिश अधिकारी विंगेट याच्या चिंडिट तुकड्यांतले सुमारे ३,००० जण जपान्यांच्या पिछाडीला घुसले, २,१८२ परतले, आणि त्यातले जवळपास ६०० पुन्हा लढाईच्या कामाचे राहिले नाहीत. डेपोचा उपाय त्यांच्यापुढे थिटा पडला.

११. जेवण सगळ्यांना एकच होतं का?

नाही. शिधा मांस खाणारे आणि न खाणारे असा वेगळा, आणि लंगरही धर्म-रिवाज पाहून वेगळे. लढाईत हे नियम ढिले पडत, डेपोत स्थिरता असल्याने पुन्हा घट्ट होत.

१२. नर्स असायच्या का?

डेपोत क्वचित, मोठ्या इस्पितळांत असायच्या पण फारच अपुऱ्या. चौदाव्या सैन्याच्या इस्पितळांत पन्नास खाटांमागे एक परिचारिकासुद्धा पडत नव्हती. भार होता वॉर्ड ऑर्डर्लींवर. हे आधी इंडियन हॉस्पिटल कोअरचे. ३ एप्रिल १९४३ ला ते आणि डॉक्टरांच्या जुन्या सेवा मिळून इंडियन आर्मी मेडिकल कोअर झाली. एकाच माणसाच्या कागदावर दोन कोअरची नावं दिसली तर गोंधळू नका, तो कुठे गेला नाही, पाटी बदलली.

१३. डेपोतून थेट पलटणीत परत जात का?

नेहमी नाही. मध्ये पलटणींना माणसं पुरवणारा रीइन्फोर्समेंट कॅम्प असायचा, आणि तो बदनाम होता. कंटाळवाणा, गचाळ, आणि पलटणींना नको असलेले अधिकारी तिथे ढकललेले. सव्वा महिना जीव लावून उभा केलेला माणूस इथे पंधरा दिवसांत खचायचा. पुढे एकेक कॅम्प आघाडीवरच्या एकेका डिव्हिजनला जोडून दिला, अधिकारी त्या डिव्हिजनमधून आले, निशाणही तिचंच लागलं. त्याने फरक पडला.

जो लढण्याइतका होत नसे त्याचं मेडिकल बोर्ड व्हायचं. वर्ग खाली आला की मागच्या डेपोत, भांडारात, पहाऱ्यावर काम. अगदीच नसेल तर घरी. आपल्याकडे "बोर्ड होऊन आले" म्हणतात ते हेच. त्याचा अर्थ शिक्षा होऊन काढलं असा बिलकुल नाही.

१४. पाय कापलेल्यांनाही कॉन डेपोतच ठेवत का?

नाही, त्यांची वाट पुण्याकडे जायची. कृत्रिम अवयव केंद्र पुण्यात १९४४ मध्ये सुरू झालं आणि आजही चालू आहे. त्याआधी, पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये मुंबईत अपंग सैनिकांना हातातलं काम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल संस्था निघाली होती. ती पुढे खडकीला आली आणि आजही आहे. पुण्यात राहून या दोन्हींबद्दल न ऐकलेले लोक मला रोज भेटतात.

१५. कागदावर 'देवळाली' आहे. तिथे वेडे ठेवत असं वाचलं. आजोबा वेडे होते का?

देवळाली ही प्रचंड मोठी लष्करी वस्ती होती. ये-जा करणाऱ्या पलटणींचा ट्रान्झिट कॅम्प, तोफखान्याचं शिक्षण आणि लष्करी इस्पितळ, सगळं तिथे. नुसत्या नावावरून काहीच ठरत नाही. 'वेड्यां'ची गोष्ट आली ती इंग्रजांच्या बोलीतून. मायदेशी जाणाऱ्या बोटीची महिनोन्‌महिने वाट पाहत देवळालीत कुजणाऱ्या गोऱ्या शिपायांचं डोकं फिरायचं, त्याला ते 'डुलाली टॅप' म्हणू लागले. डुलाली म्हणजे आपली देवळाली, आणि टॅप म्हणजे चक्क आपला ताप. साहेबाने आपलेच दोन शब्द नेले आणि त्याचं वेड करून परत पाठवलं.

१६. डेपो आसामात होता, प्रत्यक्ष ब्रह्मदेशात नाही. तरी बर्मा स्टार (ब्रह्मदेश आघाडीचं पदक) कसा मिळाला?

मिळू शकतो. ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळातल्या ब्रह्मदेशातल्या सेवेबरोबरच, १ मे १९४२ ते ३१ डिसेंबर १९४३ मधली बंगाल-आसामातली जमिनीवरची सेवाही त्यात धरली होती. १ जानेवारी १९४४ पासून मात्र हद्द आखडली आणि ब्रह्मपुत्रेच्या पूर्वेकडचा भागच उरला. म्हणून एकाच ठिकाणी राहिलेल्या दोघांपैकी एकाला स्टार आणि दुसऱ्याला नाही, असं होतं. तारखा तपासा, ठिकाणावर भांडू नका.

१७. पणजोबा डेपोत तापाने गेले. लढाईत मेलेल्यांत त्यांचं नाव असेल का?

असायला हवं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ दरम्यान सेवेत असताना वारलेल्यांची नोंद ठेवतं, मग कारण गोळी असो की हगवण. हिंदू सैनिकांचं दहन झालं असेल तर कबर शोधू नका. इम्फाळला आणि रंगूनजवळच्या तौक्यानला दहन झालेल्यांची वेगळी स्मारकं आहेत, नावं तिथे कोरलेली असतात. शोधताना इंग्रजी स्पेलिंग पाच-सहा प्रकारे घालून पाहा. 'शिंदे'चं काय काय केलेलं आहे, ते पाहून करमणूक होईल. आडनाव नसून नुसतं नाव आणि बापाचं नाव असणंही नेहमीचं.

१८. आता कागद मागायचे कुठे?

इस्पितळाकडे किंवा डेपोकडे नाही, माणूस ज्या रेजिमेंटचा किंवा कोअरचा तिच्या रेकॉर्ड ऑफिसकडे. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव. महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ मध्ये बेळगावातच, पण तिचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे, तिकडे लिहा. बॉम्बे सॅपर्स खडकीला, मेडिकल कोअर लखनौला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पुढे पाठवता येतो आणि तो टपालाने हरवण्याची शक्यता कमी. माझा पहिला अर्ज एका कार्यालयातून "नंबर नाही" एवढ्या एका ओळीवर परत आला होता, आठ महिन्यांनी.

त्या ओळीत चूक काहीच नव्हती. नाव, गाव, तालुका सगळं चालतं, पण शोध लागतो तो शिपायाच्या नंबरवरून. डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर पेन्शनची जुनी पावती, पदकांबरोबर आलेलं पाकीट, घरी आलेल्या पत्राच्या पाठचा पत्ता पाहा. आमच्याकडे तो कागदावर नव्हताच. पितळी ताटाच्या बुडाला खिळ्याने ठोकून कोरलेला होता, आणि चाळीस वर्षं आमची आजी त्यात ज्वारीचं पीठ मळत होती.